नकार पचविण्याचे शिक्षण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना अवघड प्रश्न टाळलेला खपत नसे. त्यांच्या स्मृतिदिनी एखाद्या सुखद साहित्यिक विषयावर बोलून मोकळे व्हावे, असे क्षणभर माझ्याही मनात आले होते. पण मग वाटले, की ते समोरच्या रांगेत बसले असते तर व्याख्यानानंतर मला बाजूला घेऊन म्हणाले असते, ‘बोललास छान, पण कशाला बोललास?’ म्हणून आज मी असा विषय घेतला आहे, की ज्यावर घरात बोलत नाहीत, शाळेत बोलत नाहीत, आणि वर्तमानपत्रात मोठा मथळा आला की मात्र आठवडाभर सर्वजण बोलतात. ज्या मुलीवर आपले प्रेम आहे असे एखादा तरुण सांगतो, तिच्यावरच तो हात का उगारतो, आणि त्या उगारलेल्या हाताचा त्याच्या घरातील वाढीशी काय संबंध असतो, हा तो विषय.

आपल्या शहराला हा प्रश्न परका नाही. १२ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरतेजवळ, कामरेज भागातील पासोदरा येथे एका तरुणाने एका महाविद्यालयीन तरुणीचा, तिच्या घरासमोर, तिच्या घरच्यांच्या डोळ्यांदेखत गळा चिरला. तिने त्याला नाकारले होते, एवढाच तिचा अपराध. ५ मे २०२२ रोजी सुरतेच्या सत्र न्यायालयाने त्याला फाशीची शिक्षा सुनावली. महाराष्ट्रातून आलेल्या मंडळींना याआधीची नावेही आठवत असतील. मार्च १९९० मध्ये उल्हासनगरात दहावीचा पेपर लिहीत बसलेल्या मुलीला परीक्षेच्या वर्गातच जाळण्यात आले. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून देण्यात आले. या हिंगणघाट खटल्यात जन्मठेपेची शिक्षा झाली ती १० फेब्रुवारी २०२२ रोजी. आणि त्यानंतर दोनच दिवसांनी पासोदरा घडले. शिक्षेचा धाक बसतो असे म्हणणाऱ्यांनी या दोन तारखा शेजारीशेजारी ठेवून पाहाव्यात. शिक्षा हवीच, त्याविषयी माझा वाद नाही. पण ती फार उशिरा पोहोचते. मुलगा तयार होऊन गेलेला असतो.

या खटल्यांतील मुलांच्या घरात काय घडत होते याविषयी मी एक अक्षरही बोलणार नाही. ते मला ठाऊक नाही, आणि दुसऱ्याच्या घराविषयी अंदाज बांधण्याचा अधिकारही मला नाही. शिवाय अशा एखाद्या भयंकर घटनेकडे बोट दाखवून ‘आमचा मुलगा तसा नाही’ म्हणणे सोपे जाते. मला बोलायचे आहे ते अगदी साध्या, तुमच्या-माझ्या घरांविषयी. खुनापर्यंत न जाणारी, पण मनगट पिरगाळण्यापर्यंत, मोबाइल हिसकावून घेण्यापर्यंत, ‘कुठे होतीस’ या एका प्रश्नाचे दहा प्रश्न करण्यापर्यंत जाणारी हिंसा जेथे शिकली जाते, त्या घरांविषयी.

येथे एक जुनी आठवण सांगणे अप्रस्तुत ठरणार नाही, कारण ती सुरतेची आहे आणि मराठीचीही आहे. १८८१ साली सुरतेच्या न्यायालयाने विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा दिली. पुढे ती शिक्षा कमी झाली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर तोंडसुख घेण्यात आले. हे वाचून वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक लिहिले, ते १८८२ साली पुण्यात छापले गेले. त्यांचा रोख सरळ होता : दोष शोधायचा तर जो पुरुष या साऱ्यात कोठेच दिसत नाही, त्याच्याकडे पाहा. पुस्तकावर टीका झाली, जोतीराव फुले यांनी त्यांची बाजू घेतली, आणि नंतर ते पुस्तक जवळजवळ विसरले गेले. १९७५ साली डॉ. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. पासोदऱ्याच्या घटनेनंतरही मुलीने काय घातले होते, ती त्याच्याशी बोलत होती का, तिच्या घरच्यांचे लक्ष कोठे होते, असे प्रश्न मी आपल्याच वस्तीत, आपल्याच भाषेत ऐकले. मुलगा कसा वाढला, हा प्रश्न मात्र विचारला गेला तो तावातावाने, उत्तराची वाट न पाहता. ते उत्तर शोधण्याचा हा माझा प्रयत्न आहे.

प्रथम शास्त्र काय सांगते ते थोडक्यात पाहू. १९६१ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह तीन ते सहा वर्षांच्या ७२ मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या एका बाहुल्याला बडवले, लाथा घातल्या. काहींसमोर माणूस शांतपणे आपला खेळ खेळत बसला. नंतर मुलांना त्या बाहुल्याजवळ सोडले, तेव्हा मारहाण पाहिलेल्या मुलांनी तसेच बडवले, कित्येकांनी तर त्याच शब्दांसह. पुरुषाला मारताना पाहिल्यावर मुलगे अधिक चेवाने मारत होते. हा प्रयोग बहुतेकांनी ऐकलेला असतो. पण १९६५ चा पुढचा प्रयोग अधिक महत्त्वाचा आहे, आणि त्याकडे आपले दुर्लक्ष होते. त्यात मारणाऱ्याला शिक्षा झालेली ज्या मुलांनी पाहिली, त्यांनी नक्कल कमी केली. एवढ्यावर आपण समाधान मानले असते. परंतु नंतर ‘जसे पाहिलेस तसे करून दाखव, बक्षीस देतो’ असे म्हटल्यावर त्या मुलांनीही सारे जसेच्या तसे करून दाखविले. म्हणजे शिकणे आणि करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिकलेले आत पडून राहते, आणि वेळ येताच बाहेर पडते.

आता हा प्रयोग आपल्या लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा येथील एका खोलीच्या घरात आणून पाहा. ताप्ती मार्गावरील गाडीने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव येथून आलेली आपली खानदेशी कुटुंबे येथे लूम्सवर, प्रोसेसिंगच्या गिरण्यांत, कापड बाजारात राबली आणि त्यांनी हे शहर उभे केले. बारा-बारा तासांची पाळी. रात्रपाळीहून आलेला बाप दिवसा झोपलेला. त्याची झोप मोडू नये म्हणून कुजबुजत बोलणारी मुले. आणि कोपऱ्यात साड्यांना टिकल्या व लेस लावत बसलेली आई. या घरांना मी नावे ठेवत नाही. मीही अशाच खोलीत वाढलो. पण त्या खोलीत मुलांपासून काही लपत नाही, हे सत्य आहे. दारामागे घडावे असे दारच नसते. बाप आईवर ओरडतो, हात टाकतो, हे मूल पाहते. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे नंतर काय होते तेही पाहते. शेजारी येत नाहीत. आजी म्हणते, ‘दमून आलेला असतो, तूच गप्प बसायचेस.’ सकाळी चहा नेहमीप्रमाणे होतो. म्हणजे बांदुराच्या भाषेत, मारणाऱ्याला शिक्षा झालेली दिसत नाही, उलट घर त्याच्या मर्जीने चालू लागलेले दिसते. बंगल्यात राहणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. भिंती जाड असल्या तरी मुलांचे कान तेवढेच तीक्ष्ण असतात.

या शिकवणुकीची व्याप्ती आकड्यांतही दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-पुरुषांना विचारण्यात आले की, नवऱ्याने बायकोला मारणे कोणत्या कारणांसाठी योग्य वाटते. सात कारणे पुढे ठेवली होती. न सांगता बाहेर जाणे, उलट बोलणे, सासरच्यांचा मान न ठेवणे, स्वयंपाक नीट न करणे, अशी. सातांपैकी निदान एका कारणासाठी मारणे योग्य, असे ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी सांगितले. स्त्रियांचा आकडा पुरुषांपेक्षा कमी नाही, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. घरातील वळण बाप एकटा लावीत नाही. आई, आजी, आत्या सर्वांचा त्यात हातभार असतो, आणि ज्यांनी मार खाल्ला त्याच पुष्कळदा मार योग्य ठरवितात.

दुसरा धडा अधिक जवळून मिळतो : मुलाला स्वतःला बसणारा मार. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतील पाहणी प्रसिद्ध केली. तीत बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलणे झाले होते. दर तीन मुलांमागे दोन मुलांना शारीरिक मारहाण झाली होती. मार खाणाऱ्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा जास्त होते. आणि घरात मार बसलेल्यांपैकी जवळजवळ नव्वद टक्के मुलांना तो आई-वडिलांनीच दिला होता. आपल्याकडे मारणे हे प्रेमाचेच एक अंग समजले जाते. ‘तुझ्या भल्यासाठीच मारतो’, ‘आपला म्हणून मारतो, परक्याला कोण मारील?’ ही वाक्ये ज्याने ऐकली नाहीत असा मनुष्य या सभागृहात सापडणार नाही. आता हीच वाक्ये वीस वर्षांच्या मुलाच्या तोंडी, त्याच्या मैत्रिणीला उद्देशून घालून पाहा. ‘तुझ्या भल्यासाठीच सांगतो, त्याच्याशी बोलू नकोस.’ ‘प्रेम करतो म्हणूनच राग येतो.’ शब्द बदलावे लागत नाहीत. त्या मुलाला आपण खोटे बोलतो आहोत असे वाटत नाही, आणि पुष्कळदा त्या मुलीलाही तसे वाटत नाही, कारण तिनेही तेच ऐकलेले असते.

येथे मला स्वतःविषयी काही सांगितले पाहिजे. पंचवीसएक वर्षांपूर्वी, मी ज्या शाळेत शिकवीत होतो तेथे, नववीतील एका मुलाने वर्गातील मुलीचा हात जिन्यात धरून ओढला. तिने त्याची चिठ्ठी परत केली होती. तक्रार माझ्याकडे आली. मी त्याला वर्गासमोर उभे केले आणि दोन थोबाडीत दिल्या. वर्ग चिडीचूप झाला. मुख्याध्यापकांनी शाबासकी दिली, मुलीच्या वडिलांनी हात जोडले, आणि मुलाच्या वडिलांनी ‘आणखी दोन द्यायच्या होत्या’ असे म्हटले. मी त्या दिवशी समाधानाने घरी गेलो. त्या मुलीशी मात्र मी एक शब्दही बोललो नाही, आणि त्या मुलाला ‘तिने नाही म्हटले तेव्हा तुला काय वाटले?’ असे विचारावे हे मला सुचलेही नाही.

काही वर्षांपूर्वी एका लग्नात तो भेटला. आता तो कापड बाजारात स्थिरावलेला, घरसंसार असलेला गृहस्थ आहे. वाकून नमस्कार केला, आग्रहाने घरी घेऊन गेला. चार लोकांत मोठ्या कृतज्ञतेने म्हणाला, ‘सरांनी त्या दिवशी मारले म्हणून मी माणूस झालो.’ मी संकोचलो, पण सुखावलोही. खोटे कशाला बोलू? तो पान आणायला खाली गेला तेव्हा त्याची पत्नी, जी तोवर दाराशी उभी होती, हळूच म्हणाली, ‘सर, तेच तर आहे. मार दिला की माणूस सुधारतो, असे यांना खरेच वाटते.’ एवढे बोलून ती कप उचलून आत गेली. मी जिन्यात एका मुलीचा हात धरणाऱ्या मुलाला शिक्षा केली होती. त्याने जे शिकावे असे मला वाटत होते ते तो शिकला नाही. मोठ्याने, बरोबर असलेल्याने, लहानाला मारले तर सगळे टाळ्या वाजवतात, हे तो शिकला. तो गृहस्थ क्रूर नाही. मुलांच्या शिक्षणासाठी तो कर्ज काढून झटतो आहे. म्हणूनच ही गोष्ट मला अधिक बोचते.

परंतु मार खाल्लेला प्रत्येक मुलगा पुढे मारतो, असे म्हणणे चुकीचे आणि अन्यायाचे होईल. कॅथी विडम या अमेरिकन संशोधिकेने लहानपणी छळ किंवा हेळसांड सोसलेल्या ९०८ मुलांची न्यायालयीन नोंद घेऊन, त्यांचा पुढील आयुष्यातील माग काढला आणि तशाच परिस्थितीतील पण छळ न सोसलेल्या ६६७ जणांशी तुलना केली. १९८९ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. हिंसक गुन्ह्यासाठी अटक झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात सुमारे ११ टक्के, तर दुसऱ्यात ८ टक्के निघाले. फरक आहे, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. पण पहिल्या गटातील दहांपैकी जवळजवळ नऊ जणांची अशी नोंद नाही, हेही तितकेच खरे. अर्थात घरातील सर्वच हिंसा पोलिसांपर्यंत जात नाही, हे ध्यानात ठेवून हे आकडे वाचावेत. तरी ज्यांचे बालपण मारात गेले अशा माजी विद्यार्थ्यांना मी सांगू इच्छितो, की तुमच्या कपाळावर काही लिहिलेले नाही.

आणि उलटही खरे आहे. ज्याला कधी बोटही लागले नाही असा लाडावलेला मुलगाही मुलीवर हात टाकतो. तेथे मारहाणीचे स्पष्टीकरण पुरत नाही. मग काय पुरते? माझ्या मते, आपल्या घरांत मुलग्याला दोन गोष्टी शिकविल्याच जात नाहीत : नकार ऐकणे आणि दुःख होणे. मार हा त्यातला एक भाग आहे, सगळा नाही.

मुलगा जन्मला की घरात त्याचे ताट वाढले जाते. ताट हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. गरम पोळी आधी त्याला. दुधावरची साय त्याला. ताट उचलणे बहिणीला. त्याने मागितले आणि घराची ऐपत नसली तरी कोठून तरी जमविले जाते. बहिणीचे ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून पुढे ढकलले जाते. त्यामुळे मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत शेकडो नकार पचवून शहाणी होते. मुलाला पहिला ठाम नकार मिळतो तो सतराव्या-अठराव्या वर्षी, घराबाहेर, एका परक्या मुलीकडून. त्याच्या आयुष्यातील ती नवी घटना असते. तिला कसे सामोरे जायचे याचा त्याला काडीचाही सराव नसतो. नकार म्हणजे एका माणसाचा निर्णय, हे त्याला कळत नाही. त्याला तो आपल्या हक्कावरचा दरोडा वाटतो.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे भावाला बहिणीवर लक्ष ठेवायचे काम दिले जाते. बारा वर्षांचा भाऊ पंधरा वर्षांच्या बहिणीबरोबर ‘सोबत’ म्हणून पाठविला जातो आणि आल्यावर त्याला विचारले जाते, ‘ती कोणाशी बोलत होती?’ तिचा मोबाइल तपासण्याचे काम त्याला, ओढणी नीट घे म्हणण्याचा अधिकार त्याला. आईबापांचा हेतू वाईट नसतो. दिवसपाळी-रात्रपाळीच्या घरात दुसरे कोण आहे लक्ष ठेवायला? पण याच वयात तो मुलगा शिकतो की, मुलीची काळजी घेणे म्हणजे तिच्यावर पहारा करणे, आणि तिने पहारा चुकविला तर शिक्षा करण्याचा अधिकार आपला. पुढे मैत्रीण मिळाली की हाच पहारा तो तिच्यावर बसवतो. तिचा पासवर्ड मागतो, फोटो काढून टाकायला लावतो, मैत्रिणी तोडायला लावतो, आणि याला प्रेम म्हणतो. हात उगारण्याच्या आधी महिनोन्‌महिने हे चाललेले असते. शाळेतील समुपदेशनात मुलींशी बोलताना मला नेहमी जाणवले, की या टप्प्यावर मुलीही ते कौतुकाने सांगतात : ‘सर, तो खूप पझेसिव्ह आहे.’ तो शब्द त्यांच्या तोंडी तक्रार म्हणून येत नाही.

राहिले दुःख. ‘मुलीसारखा रडतोस काय?’ हे वाक्य आपण तीन-चार वर्षांच्या पोरालाही ऐकवतो. त्याला भीती वाटली तर हसतो, तो रडला तर ओरडतो, आणि रागावला तर मात्र ‘बापावर गेला आहे’ म्हणून कौतुक करतो. असे दहा-बारा वर्षे चालले, की त्या मुलाच्या मनात येणारी प्रत्येक भावना एकाच दाराने बाहेर पडू लागते. अपमान, मत्सर, एकटेपणा, हरल्याची लाज, सारे काही रागाचे रूप घेते. प्रेमभंग झालेल्या मुलीला मैत्रिणी जवळ घेतात. प्रेमभंग झालेल्या मुलाला मित्र विचारतात, ‘मग तू काय केलेस?’ दारू, टोळके, चित्रपटातला पाठलाग करणारा नायक, हे सारे या ठिणगीवर फुंकर घालतात, ते मी नाकारत नाही. (गुजरातेत दारूबंदी आहे, ती कोठे आहे हे मला विचारू नये.) पण सरपण घरात रचलेले असते.

संस्कारांचा विषय निघाला की आपल्याकडे सारा भार आईवर टाकला जातो. याला पुष्कळसे कारण आपले आवडते पुस्तक ‘श्यामची आई’ हेही आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, म्हणून आपल्या खानदेशी घरांत त्यांचे नाव घरच्या माणसासारखे घेतले जाते. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली त्यांनी हे पुस्तक लिहिले, १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. त्यात पोहायला न जाणाऱ्या श्यामला आई शिंपटीने मारते, हा प्रसंग मारकुट्या पालकांना अगदी पाठ असतो. नंतर त्याच आईच्या डोळ्यांत त्याच्या अंगावरचे वळ पाहून पाणी येते, ते मात्र त्यांच्या लक्षात राहत नाही. मला आज आठवण करून द्यायची आहे ती दुसऱ्याच प्रकरणाची, ‘अळणी भाजी’ची. त्या दिवशी श्यामची आई भाजीत मीठ घालायला विसरलेली असते. वडील जेवायला बसतात, एक शब्दही न काढता ती भाजी खातात, वर तिची तारीफ करतात. वडीलच काही बोलत नाहीत म्हणून मुलेही बोलत नाहीत. आई शेवटी स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळते. ज्या घरात स्वयंपाक नीट न करणे हे मारण्याचे कारण होऊ शकते असे मानणारी माणसे आजही पाहणीत सापडतात, त्या देशात नव्वद वर्षांपूर्वीच्या एका मराठी पुस्तकातला बाप मीठ नसलेले जेवण न बोलता जेवला होता. श्याम काय शिकला, ते आईच्या शब्दांतून शिकला, हे खरे. पण त्या दिवशी तो पानावर बसलेल्या बापाकडूनही शिकत होता. आईचे संस्कार म्हणताना आपण या बापाला पुस्तकातून पुसून टाकले आहे.

बापांना आणि तरुणांना या कामात घेण्याचे प्रयत्न मराठी मुलखात झालेले आहेत. पत्नीला मारणे चूक आहे असे मानणाऱ्या पुरुषांनी एकत्र यावे, असे आवाहन १९९१ साली मुंबईच्या वृत्तपत्रात एका पत्रकाराने केले. त्यातून १९९३ साली ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज’, म्हणजे ‘मावा’ ही पुरुषांची संघटना उभी राहिली. हरीश सदानी हे तिच्या संस्थापकांपैकी एक. ‘पुरुष स्पंदनं’ नावाचा दिवाळी अंक या मंडळींनी काढला, आणि महाविद्यालयीन मुलांशी लैंगिकता, राग, मैत्री यांवर मोकळेपणाने बोलण्याचे उपक्रम जिल्ह्याजिल्ह्यांतून केले. २००८ पासून मुंबई महापालिकेच्या पंचेचाळीस शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी ‘जेम्स’ नावाचा एक कार्यक्रम चालला. कोरो ही संस्था, टाटा समाजविज्ञान संस्था आणि एक आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र त्यामागे होते. घरकाम कोणाचे, मुलाने रडावे का, मारणे म्हणजे काय, असे प्रश्न मुलांनी वर्गात खेळांतून आणि चर्चांतून सोडवायचे. सहावी-सातवी हे वय का, असे कोणी विचारील. कारण पहिला नकार अजून यायचा असतो.

आपल्या सुरत महानगरपालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळा सात माध्यमांतून चालतात, त्यात मराठी आहे. म्हणजे असे काही करायचे ठरविले तर भाषा आड येत नाही. शाळेत मारण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे, हे शिक्षकांना ठाऊक आहे. माझ्यासारखा कोणी आज थोबाडीत मारील तर तो दंडास पात्र ठरेल, आणि ते योग्यच आहे. अडलेल्या मुलीसाठी वा पत्नीसाठी गुजरातेत १८१ क्रमांकाची ‘अभयम्’ सेवा आहे, लहान मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन्ही क्रमांक शाळेच्या फलकावर कायमचे रंगवून ठेवावेत, अशी माझी मुख्याध्यापकांना विनंती आहे.

दुसरी विनंती पालकसभेविषयी. इतकी वर्षे मी पाहत आलो, प्रगतिपुस्तकावर सही वडिलांची असते आणि सभेला येते ती आई, हातातले साड्यांचे काम टाकून. सभा दुपारी असते. वडील पाळीवर असतात किंवा झोपलेले असतात, आणि मुलाचे वळण म्हणजे आईचा प्रांत असे सर्वांनी धरून ठेवलेले असते. वर्षातून निदान दोन सभा केवळ वडिलांसाठी, लूम्सची पाळी सुटल्यावर घ्याव्यात. पहिल्या सभेला दहाजण येतील, कदाचित सहाच येतील. चहाची व्यवस्था माजी विद्यार्थ्यांनी करावी. बोलायला मी येईन, आणि सुरुवात माझ्या त्या दोन थोबाडीतांपासून करीन.